तिसऱ्या अंकातलं रडणं

वयाच्या बाविसाव्या वर्षापासून तिसाव्या वर्षापर्यंत मी रोज सकाळी मिशी काढली. धुळ्यात, भाड्याच्या खोलीत, खिडकीच्या गजाला आरसा अडकवून. आता केस पिकले तरी त्या आरशाची आठवण आली की वरचा ओठ हुळहुळतो. आमच्याकडे माणूस मिशी काढतो ती घरात कोणी गेलं तर. त्यामुळे शिंदखेड्याच्या एसटीत बसलो की शेजारचा म्हातारा हमखास विचारायचा, "कोन वारनं, भो?" सुरुवातीला मी खरं सांगत असे, की कोणी वारलेलं नाही, मी नाटकात बाईचं काम करतो. मग तो म्हातारा जरा सरकून बसायचा. पुढे मी काका वारले म्हणून सांगू लागलो. आठ वर्षांत माझे निदान चाळीस काका वारले असतील.

धुळ्याच्या एका सरकारी कचेरीत मी कारकून होतो आणि संध्याकाळी एका हौशी मंडळात नट. मंडळाचे सर्वेसर्वा नाना. त्यांचं बाजारपेठेत कापडाचं दुकान होतं. आजोबा राजस्थानातून आलेले, पण नातवाला मराठी नाटकाचं वेड असं की गिऱ्हाइकापुढे लुगडं उलगडता उलगडता संवाद म्हणायचे. मुंबई-पुण्यात बायका रंगमंचावर येऊन जमाना झाला होता. आमच्याकडे मात्र घरची बाई नाटकात पाठवायला कोणी तयार नव्हतं आणि बाहेरून नटी आणणं नानांना मंजूर नव्हतं. म्हणून आमच्या मंडळात बाईचं काम अजून पुरुषच करायचे.

त्याचा एक रिवाज होता. ज्याला बाईचं काम द्यायचं त्याच्यासमोर नाना नारळ फोडत आणि दुकानातलं एक नऊवारी लुगडं त्याच्या हाती देत. त्या दिवसापासून ती भूमिका त्याची. सोडायची असेल तर त्यानंच दुसरा माणूस शोधायचा, तयार करायचा, आणि नानांनी पसंत केला की स्वतःच्या हातानं ते लुगडं त्याला नेसवायचं. तोवर सुटका नाही. माझ्या आधीच्या गृहस्थांनी मला नेसवलं तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे होते. माझ्या निऱ्या नीट करताना त्यांचा चेहरा असा खुलला होता की मला वाटलं, माझ्या रूपावर खूश आहेत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मिशी राखायला घेतली. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

नाटक आमच्याच एका हेडमास्तरांनी लिहिलेलं. विधवा आई, एकुलता एक मुलगा. ती त्याला वाढवते, शिकवते, आणि तिसऱ्या अंकात तो नोकरीसाठी शहराकडे निघतो. आई पदर डोळ्यांना लावून रडते आणि पडदा पडतो. एवढंच. पण ते रडणं मी असं काही रंगवलं होतं की जामनेरला एका प्रयोगात पुढच्या रांगेतला पोलीस हवालदार रुमाल काढून बसला. आधी नुसते खांदे हलायचे, मग पदराचं टोक एका डोळ्याला, मग दुसऱ्या, मग नाकाला, आणि शेवटी पूर्ण तोंड पदरात. टाळ्या पडायच्या. नाना विंगेत उभे राहून मान डोलवायचे.

ती युक्ती माझी नव्हती. ती माझ्या मायची होती. मी बारा वर्षांचा असताना आबा, माझे वडील, गेले. दोंडाईच्याला एक खोली, आम्ही दोघंच. माय मिरचीच्या वखारीत देठ खुडायला जायची. संध्याकाळी घरी आली की चुलीपुढे बसायची आणि पदर आधी एका डोळ्याला लावायची, मग दुसऱ्या, मग नाकाला. मी कोपऱ्यात पुस्तक धरून बघत असे. आबांसाठी रडते, एवढं मला कळत होतं. तिला विचारायची हिंमत मला कधी झाली नाही. तिला वाटू नये की मी बघतोय म्हणून मी पान उलटत असे. पुढे धुळ्याला लुगडं नेसून उभा राहिलो आणि नाना म्हणाले, "आता रडून दाखव," तेव्हा माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मी मायला उचललं आणि रंगमंचावर ठेवलं.

पहिली दोन वर्षं मला मजा आली, खोटं कशाला बोलू. मग कचेरीत मला "अक्का" म्हणू लागले. साहेबसुद्धा. "अक्का, ती सिंचनाची फाईल आणा." लग्नासाठी जळगावचं एक स्थळ आलं, मुलगी बघून झाली, चहा झाला, आणि मुलीच्या वडिलांनी निरोप धाडला की लुगडं नेसणाऱ्याला आम्ही मुलगी देत नाही. दुसऱ्या स्थळानं निरोपही धाडला नाही. मी नानांना म्हणालो, आता सोडवा. ते हसून म्हणाले, "माणूस आण, नेसव, मोकळा हो. मी कुठे धरून ठेवलंय?" धरून ठेवलेलं नव्हतंच. धुळ्यात मला खोली मिळवून दिली ती नानांनी. विषमज्वरात पडलो तेव्हा महिनाभर त्यांच्या घरून पेज यायची. अशा माणसानं फोडलेल्या नारळाचा शब्द मोडून उद्यापासून येत नाही म्हणायचं, हे मला जमण्यासारखं नव्हतं. मी मनातल्या मनात चिडत राहिलो आणि दाढीचं पातं बदलत राहिलो.

तेवढ्यात जळगावला एक नाट्यस्पर्धा झाली. प्रयोगानंतर रंग पुसत बसलो असताना मुंबईचे एक गृहस्थ आत आले. मुंबईत तेव्हा टीव्ही नुकता सुरू झाला होता. आमच्यापैकी कोणी तो पाहिला नव्हता. रेडिओला काच बसवलेली असते, एवढीच आमची समजूत. गृहस्थांनी माझा पत्ता लिहून घेतला आणि महिन्याभरात पत्र आलं. टीव्हीवरच्या एका नाटकात शेतावरच्या गड्याचं काम आहे, दोन महिन्यांनी चाचणीला या. शेवटी एक ओळ होती: कॅमेरा फार जवळ येतो, चिकटवलेली मिशी कळते, तेव्हा मिशी खरी असावी.

ते पत्र मी खिशात घेऊन फिरलो. कोणीतरी मला मिशी ठेवायला सांगत होतं, तेही लेखी. पण मिशी ठेवायची तर लुगडं सोडायला हवं, आणि लुगडं सोडायचं तर माणूस हवा. हातात दोन महिने होते. नानांना पत्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि मला परत दिलं. "चांगलं आहे," म्हणाले, "नेसवतोस कोणाला?"

मी आमच्या मंडळातल्या मास्तरांना गाठलं. प्राथमिक शाळेत शिकवायचे, अंगानं शेलाटे, आवाज मऊ, आणि नाटकात काम मिळालं नाही म्हणून कायम हिरमुसलेले. ते लगेच तयार झाले. मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. रोज कचेरी सुटली की शाळेच्या रिकाम्या वर्गात तालीम. पुढे टीव्हीवर मी बरीच वर्षं दिग्दर्शन केलं. त्याचा पहिला धडा त्या वर्गात, पाढ्यांनी भरलेल्या फळ्यासमोर झाला. आणि तो धडा चुकलाच. मास्तर हुशार. मी दाखवलं तसं हुबेहूब करायचे. खांदे, एक डोळा, दुसरा डोळा, नाक. पण बघताना हसू यायचं. ते आईची नक्कल करत नव्हते, माझी नक्कल करत होते. नाना एकदा येऊन पाहून गेले आणि जाताना म्हणाले, "हे रडणं नाही, ही कवायत आहे."

मग मला वाटलं, मूळच दाखवावं. एका रविवारी मास्तरांना घेऊन मी एसटीनं दोंडाईच्याला गेलो. मायला काही सांगितलं नाही. माझे एक मित्र, जेवायला आलेत, बस. माय वखारीतून आली, हातपाय धुतले आणि चुलीपुढे बसली. मास्तर भिंतीला टेकून बघत होते. मीही बघत होतो, आणि पहिल्यांदाच चोरून नाही. तिनं पदर डोळ्याला लावला. मी मास्तरांना कोपर मारलं. तिनं मान वळवली.

"काय देखी राह्यनात दोन्ही जन?"

मी सांगून टाकलं. आठ वर्षं मी तुझं काम करतोय, लोक टाळ्या वाजवतात, आता हे करणार आहेत. ती भाकरी थापायची थांबली.

"मनं सोंग काढस तू?" ती म्हणाली. "मंग माले इचारं काबरं नही?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि पुढे विचारलं,

"मी काय करस तठे?"

"तिसरा अंकमा रडस," मी म्हणालो. "पोर्‍या शहरमा जास, तव्हय."

"मी?" ती माझ्याकडे बघत राहिली. "मी कव्हय रडनू?"

"आबा गयात तव्हय. रोज. पदर डोयाले लायीसन बठे तू."

तिला आधी कळलंच नाही मी कशाबद्दल बोलतोय. मग कळलं, आणि ती हसली. तिचं हसणं मी फार कमी वेळा पाहिलं. तिनं उजवा हात माझ्यापुढे धरला. बोटांची टोकं लाल, कातडं सोललेलं.

"ती मिरची व्हती, भाऊ. रडाले येळ कोनले व्हता?"

परतीच्या एसटीत मास्तर डुलक्या घेत होते. मी खिडकीबाहेर बघत होतो आणि मला स्वतःची भयंकर लाज वाटत होती. अख्ख्या खानदेशाला मी मिरचीच्या खकाण्यावर रडवलं होतं. त्याहून वाईट म्हणजे, ती रडली नाही तर मग तिनं काय केलं, हे मला ठाऊक नव्हतं. बारा वर्षांचा असताना मी बघितलं ते चूक बघितलं, आणि त्यानंतर पुन्हा बघितलंच नाही. मी धुळ्यात अडकलोय, नानांनी मला अडकवलंय, असं म्हणत मी आठ वर्षं कुढत होतो. ती त्या वखारीत अठरा वर्षं बसली होती, आणि तिला कोणी नारळसुद्धा फोडून विचारलं नव्हतं.

मास्तरांना नानांनी दुसऱ्यांदा नापास केलं. चाचणीला पंचवीस दिवस उरले. मी मुंबईला कळवायचं पत्रही लिहून ठेवलं, की काही घरगुती अडचणीमुळे येता येत नाही. तेवढ्यात दोंडाईच्याच्या व्यापाऱ्यांनी मंडळाला बोलावलं. वखारीत काम करणाऱ्या बायकांसाठी खास दुपारचा प्रयोग, वखारीच्याच आवारात, कापडी मांडव घालून. नाना खुशीत होते. म्हणाले, "बायकांचा प्रयोग आहे. बायका रडायला येतात. बघ कसा होतो."

माय चौथ्या रांगेत बसली होती. पहिल्या अंकातच मला दिसली. आठ वर्षांत तिनं एकदाही माझं काम पाहिलं नव्हतं. मीच टाळत आलो होतो. आजूबाजूला तिच्या सोबतच्या बायका, आणि मांडवात मिरचीचा तो वास, ज्यानं पहिल्या दहा मिनिटांतच आमच्या नायकाला शिंका आल्या. दोन अंक मी कसेबसे काढले. तिसरा लागला. मुलगा वळकटी उचलून म्हणाला, "आई, येतो मी." आता माझे खांदे हलायला हवे होते.

ते हलेनात. पदराचं टोक मी हातात घेतलं आणि ते डोळ्यांपर्यंत नेववेना. समोर ती होती. तिच्यासमोर तिचं खोटं रडणं मला रडता येईना. मला एवढंच आठवलं की ती रिकामी कधी बसत नाही. बाजूला देखाव्यात गव्हाचं सूप ठेवलेलं होतं. मी प्रेक्षकांकडे पाठ करून खाली बसलो आणि गहू निवडायला लागलो. एक खडा काढला, बाजूला टाकला. दुसरा काढला. मुलगा दोनदा म्हणाला, "आई, येतो मी," कारण बिचाऱ्याला माझ्या हुंदक्यावर निघायची सवय होती. शेवटी तो तसाच निघून गेला. मी निवडत राहिलो. पडदा ओढणाऱ्यालाही कळेना कधी ओढायचा.

टाळी पडली नाही. बायका उठल्या आणि गेल्या. नाना विंगेत आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक होता.

"उतरव," ते म्हणाले.

"नाना..."

"उतरव ते. माझ्या मंडळात आजवर असा प्रयोग झाला नाही. मास्तर नेसतील. त्यांना निदान रड म्हटलं तर रडता येतं."

मी सर्वांसमोर लुगडं फेडलं. मी मास्तरांना नेसवायचं, तो मानही मला मिळाला नाही. नानांनी ते स्वतःच्या हातानं नेसवलं. मी मांडवाच्या मागे बनियनवर उभा राहिलो. मोकळा झालो होतो आणि मला रडू येत होतं, अगदी खरं, पदर नसलेलं. नानांशी माझं त्यानंतर बोलणं राहिलं नाही. त्यांच्या घरची ती पेज मात्र अजून आठवते, आणि आठवली की अपराधी वाटतं.

घरी गेलो तर माय चूल पेटवत होती. मी काही विचारलं नाही. भाकरी वाढताना तीच दुपारच्या प्रयोगाबद्दल म्हणाली, "आते बरं करं तू."

मुंबईला मी दोंडाईच्याहून निघालो, सुरतेकडच्या पॅसेंजरनं. ओठावर तीन आठवड्यांची मिशी होती, विरळ आणि तांबूस. माय वखारीतून तशीच स्टेशनवर आली होती. तिनं दशम्यांचं गाठोडं दिलं आणि म्हणाली, "पोचना का कागद धाड." गाडी हलली. मी दारात उभा राहून बघत होतो. या वेळी नीट बघायचं असं ठरवलं होतं. तिनं पदर उचलला, चेहऱ्याकडे नेला, आणि पाठ फिरवून चालू लागली. गाडी सुटताना पाठमोरी माय, एवढंच मला दिसलं.

टीव्हीवर मला काम मिळालं आणि मिळतच गेलं. शेतावरचा गडी, पाटलाचा गडी, स्टेशनवरचा हमाल. मिशीनं मला लुगड्यातून सोडवलं होतं, आता मिशीच सोडेना. चार-पाच वर्षं मी त्या चौकोनात "जी मालक" म्हणत उभा राहिलो. मुंबईत लोक रस्त्यात ओळखायचे. धुळ्या-जळगावात कोणाला पत्ता नव्हता, कारण तिकडे टीव्ही दिसतच नव्हता. मायला मी पत्रात लिहायचो की आज असं काम केलं, आणि शेजारची पोर तिला ते वाचून दाखवायची. सुट्टीत गेलो की ती विचारायची, "त्या डबामा तू कितला मोठा दिखस?" मी हातानं वीतभर दाखवायचो. ती म्हणायची, "मंग येवढा खर्च कसाले?"

गड्याचं काम करता करता मी दुसऱ्यांना सांगायला लागलो, असं उभे राहा, तिकडे बघू नका. आधी सगळे वैतागले, मग ऐकू लागले, आणि सत्तरचं दशक संपता संपता मला एक तासाचं नाटक बसवायला दिलं. गोष्ट नवी होती, पण तिच्यातही एक आई होती आणि जाणारा मुलगा होता. आईचं काम करणारी बाई मुरलेली. तालमीत तिनं पदर डोळ्यांना लावला, खांदे हलवले. फार सुंदर रडली. मी म्हटलं, बाई, नको. मी सूप मागवलं, त्यात दोन मुठी लाल मिरच्या टाकल्या, आणि तिला म्हटलं, कॅमेऱ्याकडे पाठ करून बसा, देठ खुडा, आणि मुलगा गेला की पदर उचलून चेहऱ्याकडे न्या.

चित्रीकरण झालं. आमचे निर्माते छोट्या पडद्यासमोर बसून ते बघत होते. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा पाहिलं.

"चेहराच दिसत नाही हो," ते म्हणाले. "ही रडतेय की मिरची झोंबलीय, काही कळत नाही."

मी म्हटलं, "मलाही कळलं नव्हतं."